चाळिशीनंतर किशोरवयीन मुलांसोबत काम करायचं तर
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी नववी ते बारावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो, तो चालवणारे आम्ही चौघं. तिघं राज्य शासनाच्या नोकरीतले डिप्लोमाधारक, एक निवृत्त शिक्षक. व्याख्यान द्यावं एवढी विद्वत्ता आमच्यापाशी नाही. पण एकच प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला की कार्यकारिणी म्हणाली, यंदा त्यावरच बोला.

प्रश्न असा : वय बेचाळीस, बी.ए. किंवा बी.कॉम. होऊन वीस वर्षं झाली, घरची मुलं मोठी झाली. आता या वयातल्या मुलांसाठी काम करायचंय, चार पैसेही मिळायला हवेत. काय करू?

आम्ही उलट विचारतो : तुम्हाला मुलांना शिकवायचंय, त्यांचं ऐकून घ्यायचंय, की त्यांच्या सोबत राहायचंय? तिन्ही कामं वेगळी आहेत आणि त्यांचे रस्तेही वेगळे.

शिकवायचं तर बी.एड. लागतं. २ वर्षांचा अभ्यासक्रम, रोज कॉलेजात जाऊन करायचा. इग्नूमधून घरबसल्या होईल असं अनेकांना वाटतं. पण ते बी.एड. नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा आधी शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. शिवाय वयाचा हिशेब आधी मांडा. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीची कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गातल्या पुरुषाला ४०, महिलांना ४५. बेचाळिसाव्या वर्षी प्रवेश घेतलेला गृहस्थ चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.एड. होतो, तेव्हा ते दार बंद झालेलं असतं. मग उरतात खाजगी शाळा. तिथे पगार किती मिळतो ते फी भरण्यापूर्वी त्याच शाळेतल्या शिक्षकाला विचारा, संचालकांना नको.

ऐकून घेण्याचं काम, म्हणजे समुपदेशन, सध्या सर्वांना आकर्षक वाटतं. सी.बी.एस.ई.च्या शाळांना समुपदेशक ठेवणं आवश्यक आहे, त्यामुळे जागा आहेत. पण फसगतही इथेच जास्त. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी 'दोन महिन्यांत समुपदेशक व्हा' अशा एका कोर्सला पस्तीस हजार भरले. एफ.डी. मोडून भरले. प्रमाणपत्र देखणं होतं, लॅमिनेट केलेलं. ते घेऊन त्या तीन शाळांत गेल्या. तिन्ही ठिकाणी मानसशास्त्राची पदवी किंवा मार्गदर्शन-समुपदेशनाचा मान्यताप्राप्त डिप्लोमा विचारला.

असा डिप्लोमा आपल्याला जवळच मिळतो. भोपाळच्या क्षेत्रीय शिक्षा संस्थानात एन.सी.ई.आर.टी.चा १ वर्षाचा अभ्यासक्रम आहे : ६ महिने दूरशिक्षण, ३ महिने तिथे राहून वर्ग, ३ महिने आपल्याच गावी प्रत्यक्ष काम. तो मुख्यतः शिक्षकांसाठी आणि बी.एड. झालेल्यांसाठी आहे, म्हणून पात्रतेचे नियम नीट वाचून घ्या. मानसशास्त्रात एम.ए. करायचं तर नियमित कॉलेज धरा. २०२५ च्या सत्रापासून यू.जी.सी.ने मानसशास्त्राचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश थांबवले आहेत. अजूनही कोणी 'ऑनलाइन करून देतो' म्हणालं, तर आधी यू.जी.सी.चा आदेश बघा. आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही.

याच कामातली आणखी एक गोष्ट. मूल म्हणतं, "काका, कोणाला सांगणार नाही ना?" आपण चटकन "नाही" म्हणून बसतो. ते म्हणू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा. आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो : तुझ्या जिवाला धोका असेल तर आम्हाला सांगावंच लागेल, बाकीचं आमच्यापाशी राहील. हे ऐकल्यावर मुलं कमी बोलतील अशी भीती वाटते. तसं झालेलं नाही.

आता सोबत राहण्याचं काम. याला प्रतिष्ठा कमी, पण आमच्या मते चाळिशीच्या माणसाला साजेसं. भंवरकुआच्या बाजूला हॉस्टेलं बघा. खरगोन, धार, झाबुआकडची सतरा-अठराची पोरं घर सोडून आलेली. तिथला वॉर्डन बहुधा फक्त भाडं आणि गेटची वेळ बघतो. ताप आलेल्या पोराला डॉक्टरकडे नेणारा, निकालाच्या रात्री मेसमध्ये कोण जेवायला आलं नाही हे ध्यानात ठेवणारा माणूस हवा असतो. ज्यांनी हातात पाना धरला आहे त्यांच्यासाठी आय.टी.आय. आहे. तिथे १४ वर्षांपासून मुलं येतात. संबंधित शाखेची पदवी-डिप्लोमा आणि निदेशकाचं १ वर्षाचं प्रशिक्षण असेल तर वाट मोकळी. (हे आमच्या जातकुळीचं काम, म्हणून थोडा पक्षपात समजा.)

एका ठिकाणी तर वय वाढलेलंच लागतं. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची. सदस्य पस्तिशीच्या पुढचा हवा, समाजशास्त्र, समाजकार्य, कायदा, शिक्षणशास्त्र अशा ठराविक विषयांतली पदवी हवी आणि मुलांच्या शिक्षण, आरोग्य किंवा कल्याणाच्या कामाचा ७ वर्षांचा अनुभव हवा. पगार नाही, बैठकीचा भत्ता असतो. आज बेचाळिसाव्या वर्षी काम सुरू केलं, तर एकोणपन्नासाव्या वर्षी अर्ज करता येईल. मात्र केलेल्या कामाचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

कुठलीही फी भरण्याआधी चार रविवार आमच्या वर्गाला या. पोलीस पडताळणीचा फॉर्म भरावा लागेल. आम्हीही भरलेला आहे, राग मानू नका. पहिले दोन रविवार मुलं तुमच्याशी बोलणार नाहीत, मोबाइलमध्ये बघत बसतील. शुद्ध मराठीचा आग्रह धरलात तर तिसराही तसाच जाईल. ही मुलं आजीशी मराठीत बोलतात आणि एकमेकांना 'भिया' म्हणतात, चालू द्या. चौथ्या रविवारनंतरही यावंसं वाटलं, तर कुठला कोर्स घ्यायचा ते बसून बोलू.

तिमाही परीक्षा तोंडावर आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला वर्ग आहे. दहावीच्या बीजगणिताला आणि अकरावीच्या अकाउंट्सला सध्या कोणी नाही.