पाणी कोणाच्या हातचे?



आपल्या हरिश्चंद्रगडाच्या बाजूला उगम पावलेली मुळा कोतुळावरून खाली राहुरीला जाते. नदीला कोणी जात विचारीत नाही. ती विचारली जाते घागर भरल्यावर.

त्या राहुरीत रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे काही काळ वास्तव्य होते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. पती ख्रिस्ती, पण बाईंची चूल वेगळी, पाणी वेगळे. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे काहीही न लपविता सांगितले आहे. पुढे विचार करता करता त्यांना उमगले की, जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत. आणि मग त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी पाणी, मग धर्म! हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

योहानाच्या शुभवर्तमानातही विहीरच आहे. थकलेला येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत. म्हणून ती बाईच चकित होते. येथे प्रभू देणारा नाही, मागणारा आहे, हे ध्यानात घ्यावे. हलक्या मानलेल्याला दान देणे सोपे. त्याच्याकडे ओंजळ पुढे करणे कठीण.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही ख्रिस्ती म्हणवितो, आणि सोयरीक जुळविताना आडनावावरून मूळ जातीचा अदमास हळूच घेतो. तमिळनाडूत तर काही ठिकाणी दफनभूमीतही जातवार वाटे पडले आहेत. मेल्यावरही शेजार चालत नाही, मग पुनरुत्थानाच्या दिवशी काय करणार? जातीचा हा विटाळ आणि गोऱ्या-काळ्याचा भेद, दोन्ही जन्मावरून माणसाची किंमत ठरवितात. जोतीरावांनी हे नाते केव्हाच ओळखले होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत हबशांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या सज्जनांना.

टिळकांनाही गोऱ्या मिशनऱ्यांच्या छत्राखालची ख्रिस्ती मंडळी सलत होती. मिशनऱ्यांच्या सेवाभावाविषयी त्यांना आदर होता. पण येथल्या ख्रिस्ती माणसाने कायम पोष्य म्हणून राहावे, हे त्यांना रुचेना. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले.

१९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली, ती अमेरिकेतले एक अस्पृश्य म्हणून. प्रथम त्यांना ते झोंबले. मग आपल्या देशातल्या काळ्या बांधवांची दशा डोळ्यांपुढे आली, आणि त्यांनी मनोमन कबूल केले की, होय, आपण अस्पृश्यच आहो. ही हकीकत त्यांनी स्वतःच १९६५ साली आपल्या चर्चमध्ये, व्यासपीठावरून सांगितली. त्या शाळेतली मुले दलित समाजाची होती.