चाकणला रेल्वे हवीच



सकाळच्या पाळीला निघालेली कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकते, तेव्हा तिच्या पुढेमागे नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक कंटेनर उभे असतात. देशभर गाड्या पुरवणाऱ्या या चाकणला स्वतःचे रेल्वे स्टेशन नाही. कच्चा माल, तयार माल आणि माणसे, सारा भार पुणे-नाशिक महामार्गावर.

म्हणूनच पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेकडे इथल्या लोकांनी आशेने पाहिले. हडपसरहून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सुमारे २३५ किलोमीटरचा दुहेरी मार्ग, वेग ताशी २०० किलोमीटर. 'महारेल' या रेल्वे प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीने आराखडा केला, सिन्नरकडे काही शेतकऱ्यांनी जमिनीही दिल्या.

मार्ग अडला तो नारायणगावजवळच्या खोडदला. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, कारण इथे मानवनिर्मित रेडिओलहरींचा गोंगाट कमी होता. घरात मिक्सर लावला की जुना रेडिओ खरखरतो ना, तशीच विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेशी उडणाऱ्या ठिणग्यांची खरखर दुर्बिणीला ऐकू येते. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी २०२५ मध्ये लोकसभेत याच कारणाने हा सरळ मार्ग शक्य नसल्याचे सांगितले आणि अहिल्यानगर-शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे आला.

जुन्नर, आंबेगाव, संगमनेरचे लोक नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. तरीही जगभरचे शास्त्रज्ञ जिथे निरीक्षणासाठी वेळ मागतात, ती दुर्बीण बहिरी करून रेल्वे नेऊ नये, असे मला मनापासून वाटते. बोगदे, संरक्षक भिंती किंवा दूरवरून वळसा यांतले काय चालेल, ते रेल्वेच्या अभियंत्यांनी आणि खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र बसून, मोजमापे लोकांपुढे ठेवून ठरवावे.

पण चाकणने त्यासाठी का थांबावे? खोडद इथून सरळ रेषेतही चाळीसेक किलोमीटरवर आहे. उलट मुंबई-पुणे लोहमार्गावरचे तळेगाव अवघ्या वीस-बावीस किलोमीटरवर. नाशिकचा मार्ग कुठूनही जावो, तळेगाव-चाकण रूळ आधी टाकता येतील. मालगाड्या तरी सुरू होतील, रस्त्यावरचे कंटेनर कमी होतील.

पिंपरी-चिंचवड आणि खेड तालुक्यातल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे: आपल्या ग्रामपंचायतीच्या, कामगार संघटनेच्या, उद्योजक संघटनेच्या ठरावात ही मागणी स्वतंत्रपणे मांडा आणि आपल्या खासदारांकडे पाठवा.