उदाहरण क्रमांक तीन

टाळेबंदीतली, म्हणजे २०२० सालची गोष्ट. मी वाणिज्य शाखेला संख्याशास्त्र शिकवतो. कॉलेज बंद झालं आणि आठवडाभरात सगळा विषय मोबाइलवर न्यायचा हुकूम आला. मी काय केलं? वर्षानुवर्षं वापरलेल्या नोट्स टाइप केल्या, त्यांची पीडीएफ केली आणि दिली पाठवून. अभ्यासक्रम झाला ऑनलाइन!

पहिल्या चाचणीत प्रमाण विचलनाचं गणित होतं. हातानं सोडवून फोटो पाठवायचा. पाहतो तर तेवीस जणांची चूक एकच, तीही एकाच पायरीवर. मी चिडलो. एका हुशार मुलीला फोन लावला आणि कोणाचं उतरवलंस म्हणून दरडावलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ''सर, रागावू नका. पण तुमच्या नोट्समधल्या तिसऱ्या उदाहरणात असंच केलंय.''

काढून पाहिलं. खरंच होतं. ते उदाहरण मी कधीकाळी एका जुन्या गाइडमधून घेतलेलं, छापखान्याच्या चुकीसकट. खाली ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं. कॉपी पकडायला निघालेला मास्तर स्वतःच सापडला होता.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची जुनी पुस्तकं मागवून घेतली. १९८९ पासून हे विद्यापीठ घरी बसून एकट्यानं शिकणाऱ्यांसाठी पुस्तकं काढतं आहे. चार परिच्छेद झाले की मध्येच प्रश्न, मागे उत्तर. वाचणाऱ्यासमोर शिक्षक नाही, हे लिहिणाऱ्यानं धरलेलंच असतं. माझ्या नोट्स मात्र वर्गातल्या फळ्याच्या भरवशावर होत्या. त्या मी पुन्हा लिहिल्या. जे जिथून घेतलं, ते तिथे नोंदवलं.

प्रश्नही बदलला. आपल्या घरच्या बारा महिन्यांच्या लाइट बिलांवरून सरासरी आणि विचलन काढा. उतरवणार कोणाचं? आणि गंमत पाहा. त्या वर्षी टाळेबंदीत रीडिंग झालंच नव्हतं. एप्रिल-मेची बिलं हिवाळ्याच्या सरासरीवर आली आणि जूनमध्ये सगळी थकलेली युनिटं एकदम अंगावर आली. ज्यांनी खरी बिलं काढली, त्यांचा जूनचा आकडा ताडमाड. दोघांचे आकडे मात्र उन्हाळाभर शहाण्यासारखे हळूहळू चढलेले.

पहिल्यानं फोनवर लगेच कबूल केलं. दुसरा म्हणाला, ''सर, आम्ही भाड्यानं राहतो. मीटर मालकाचा. आमच्याकडे बिल येतच नाही. तसं लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं ना?'' याला काय उत्तर देणार? खोटं त्यानं लिहिलं होतं, पण खरं लिहायला माझ्या प्रश्नात जागाच नव्हती. पुढच्या वर्षीपासून मोजायचं काय, ते मुलांनीच ठरवायचं, असं केलं. कोणी एसटीला झालेला उशीर मोजतं, कोणी डेअरीत घातलेलं दूध.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि खोटा ताडमाड जूनसुद्धा कोणालाही बनवता येऊ लागला. आयआयटींच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांत घरच्या असाइनमेंटला पंचवीस टक्के आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेला पंचाहत्तर टक्के वजन असतं, त्यात शहाणपण आहे. माझ्याकडे ती यंत्रणा नाही. मी पाच मिनिटं फोन करतो. ''हा आकडा एवढा का चढला, सांग बघू.'' साठ मुलं म्हणजे साठ फोन. घरचे वैतागतात. पण ज्यानं मोजलंय, त्याला थांबवावं लागतं, इतकं तो बोलतो.

गेल्या वर्षी एकानं उत्तराखाली लिहिलं होतं : 'आकडे माझे. मराठी चॅटजीपीटीकडून दुरुस्त करून घेतलं. किती मार्क कापणार?' मी कापले नाहीत.

आणि हो, ती पहिली पीडीएफ. ती अजून मुलांच्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरते. परवा एका नव्या मुलानं मलाच पाठवली, ''सर, या नोट्स चालतील का?'' वर माझं नाव, आत उदाहरण क्रमांक तीन.