बोअरचं कर्ज काढण्याआधी

कोरेगाव भीमाहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एका ताईंनी कर्ज काढून बोअर घेतली. पाणाड्यानं जागा दाखवली, नारळ फोडला, मशीन लागलं. तीनशे फुटांवर गेलं तरी वर नुसता धुरळा! पाणी लागलं नाही, हप्ता मात्र लागला. तेव्हा आम्ही विचारायला लागलो, आपल्या जमिनीखाली आहे तरी काय?

आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाव्हा कुठे थिजतो, यावर त्याचं रूप ठरतं. आइसलँड देशात 1996 साली शेकडो मीटर जाड बर्फाखाली ज्वालामुखी फुटला. बर्फ वितळून पाणी झालं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडावं तसा लाव्हा तडकला आणि त्या चुऱ्याची काही किलोमीटर लांब डोंगररांग बर्फाखालीच उभी राहिली.

आपल्याकडे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मोकळ्या जमिनीवर पसरला. भाकऱ्यांची चवड रचावी तसे थरावर थर बसले. भीमाशंकरच्या बाजूला डोंगरांना पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. थराच्या वरच्या अंगाला वाफेच्या बुडबुड्यांची भोकं राहिली, मधला भाग घट्ट झाला. पाणी साठतं ते भोकांत, भेगांत आणि मुरमात. घट्ट दगडाला भेग नसेल, तर कितीही खोल जा, हाती धुरळाच. म्हणून ‘खोल तेवढं पाणी’ हा हिशेब इथे चुकतो. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानंही शेतीसाठी 60 मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई केली आहे. आम्हाला ते ठाऊकच नव्हतं.

आता आमच्या गटानं नियम केलाय. बोअरसाठी कर्ज हवं असेल, तर शेजारच्या दोन विहिरींना किती फुटांवर पाणी आहे आणि ते कोणत्या महिन्यात आटतं, हे अर्जात लिहायचं. विहिरीच्या कडेला थर उघडे दिसतात, तेही पाहून यायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पुण्यातल्या कार्यालयात विचारायचं. आणि पावसाचं पाणी आधी बांधावर अडवायचं, कारण वरून मुरलं तरच खालच्या भोकांत भरणार.

मैत्रिणींनो, पाणी न लागलेल्या बोअरचंही कर्ज फेडावंच लागतं. सही करण्याआधी एकदा विहिरीत डोकावून या.