गोचिडीची लाळ



वर्धापनदिनाच्या सभेत गोचिडीचे पुराण कशाला, असे म्हणून कोणी नाक मुरडील. पण दावणीशी रोजचा संबंध आपलाच. माशी बसली तर गाय शेपटी हाणते. कासेवर गोचीड मात्र आठवडा आठवडा रक्त पिते आणि गाईला पत्ता नसतो. हे कसे?

आपल्या पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. याला दाह म्हणतात. दुखऱ्या जागेतून रासायनिक सांगावा जातो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. गोचिडीच्या लाळेतील काही प्रथिने हा सांगावाच वाटेत धरून ठेवतात. सांगावा पोचत नाही, मग सूजही येत नाही! कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीत सापडलेल्या अशा प्रथिनांना ‘इव्हॅसिन’ नाव मिळाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी उंदरांच्या सांध्यांचा दाह कमी झाला. २०१७ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरनिराळ्या गोचिडींतून अशी आणखी प्रथिने शोधली. हृदयाच्या स्नायूंच्या दाहावर त्यांचा उपयोग व्हावा, ही त्यांची आशा आहे.

ही आशा मला पोकळ वाटत नाही. जळू आपल्या वैद्यांना सुश्रुतापासून ठाऊक. तिच्या रसाने रक्त गोठत नाही, हे हेक्राफ्ट यांनी १८८४ साली दाखविले, आणि त्याच धाग्यावरून पुढे झालेले बायव्हॅलिरुडिन हे औषध आज हृदयाच्या उपचारांत वापरतात. गोचिडीचे औषध मात्र अजून प्रयोगशाळेतच आहे. सांधेदुखीवर कोणी त्या नावाने पुडी विकायला आला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

आणि ही लाळ गोठ्यात घातही करते बरे! खाज नाही म्हणून जनावर अंग घाशीत नाही. तेवढ्या निवांतपणात लाळेबरोबर तापाचे जंतू रक्तात उतरतात. संकरित वासरांना थायलेरियाचा ताप असाच होतो. खांद्यापुढची गाठ सुजली, अंग तापले, वासराने दूध सोडले, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. गुरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

गोचीड काढून नखाने चिरडायची आपल्याकडे फार सवय. तिच्या रक्तातून माणसालाही आजार होतो. क्रिमियन-काँगो ताप भारतात प्रथम २०११ साली गुजरातेत आढळला. तेव्हा हातात मोजे घालावे, चिमट्याने कातडीलगत धरून गोचीड सरळ ओढावी, साबणाच्या पाण्यात टाकावी, आणि हात धुऊनच धारेला बसावे.