नाव तेच, माल निराळा

ज्वारीचे बियाणे आणताना आपण पिशवीवरचे वाणाचे नाव पाहतो. गेल्या साली हेच पेरले, पीक बरे आले, म्हणून यंदाही हेच. आता समजा, पिशवी तीच, नाव तेच, भावही तोच, आणि आत वाण मात्र दुसरा निघाला, तर? दुकानदार म्हणेल, "हीही ज्वारीच आहे की!" आहे खरी, पण आपण पैसे मोजले ते त्या वाणाचे.

संगणकाच्या बाजारात नेमके असे घडले आहे, आणि तेही नावाजलेल्या कंपन्यांकडून. हा शहराचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे मात्र म्हणू नका. मुलांचे निकाल आणि शाळेचे हिशेब आज संगणकातच राहतात.

2020 सालची गोष्ट सांगतो. वेस्टर्न डिजिटल ही अमेरिकेतली कंपनी 'रेड' नावाची हार्ड डिस्क विकत असे. जिथे चार-सहा डिस्क एकजुटीने राबतात आणि एक बिघडली तरी बाकीच्यांच्या आधाराने माहिती वाचते, अशा यंत्रांसाठी ती मुद्दाम केलेली. त्या वर्षीच्या एप्रिलात कंपनीला मान्य करावे लागले, की 2 ते 6 टेराबाइटच्या काही रेड डिस्कमध्ये लिहिण्याची पद्धतच बदललेली आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता.

ही पद्धत कोणती? डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल रेघांत लिहिली जाते. पूर्वी या रेघा शेजारी शेजारी असत; नव्या पद्धतीत एकीची कड दुसरीखाली दबते. आपले कौलारू छप्पर डोळ्यांपुढे आणा. दाटीमुळे मावते जास्त, पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली कौले आधी उचलावी लागतात. वाचायला अडचण नाही, लिहायला आहे. म्हणून ही डिस्क नवे लिखाण आधी एका मोकळ्या जागी उतरवते आणि सवड मिळाली की नीट लावते. सवडच मिळाली नाही तर? जोडीतली एक डिस्क बिघडून तिच्या जागी नवी बसवली, की तासन् तास अखंड लिहावे लागते. तिथे ही डिस्क इतकी मंदावे, की काही यंत्रे तिलाच नादुरुस्त ठरवून बाहेर काढत. ज्या संकटासाठी घेतली, नेमकी त्या संकटातच ती अडली! पुढे कंपनीने यादी जाहीर केली, जुन्या पद्धतीच्या डिस्कला 'रेड प्लस' असे वेगळे नाव दिले. अमेरिकेत दावेही लागले.

एसएसडी या नव्या साठवणीतही तेच. क्रुशल कंपनीच्या 'पी 2' मध्ये सुरुवातीला एका सूक्ष्म खणात तीन बिट ठेवले जात, म्हणजे विद्युतभाराच्या 8 पातळ्या ओळखायच्या. 2021 मध्ये दिसून आले, की खणात चार बिट, म्हणजे 16 पातळ्या आल्या आहेत. काम मंदावले, नाव बदलले नाही. पहिल्या मालाची परीक्षणे वाचून लोक दुसरा माल घेत राहिले.

बदल करणे हा गुन्हा आहे, असे मी म्हणणार नाही. जुना सुटा भाग मिळेनासा होतो, टंचाई येते. सॅमसंगनेही 2021 मध्ये आपल्या एका एसएसडीतला मुख्य भाग बदलला; पण निदान खोका आणि माहितीपत्रक तरी बदलले. (नाव तेच ठेवले, हे मला रुचले नाही.) चोरी आहे ती न सांगण्यात. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे, आणि तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, शाळेसाठी डिस्क घेताना बिलावर नुसते नाव नको, पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या. डिस्कवरच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून बिलाला जोडा. आणि परत करण्याची मुदत आहे तोवरच एखादी चांगली मोठी, पन्नास-शंभर गिगाबाइटची नक्कल करून पाहा. लहान फाइलीवर हा फरक दिसत नाही.