फ्रँकलिन थॉम्सनची पेन्शन

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) स्त्रियांना सैन्यभरतीची मुभा नव्हती. तरीही सुमारे ४०० स्त्रिया पुरुषवेषात रणांगणावर उतरल्या असाव्यात, असा अंदाज केला जातो. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी पुष्कळदा नावापुरतीच असे. हे त्यांच्या पथ्यावर पडले.

सेरा एमा एडमंड्स ही त्यांपैकीच एक. कॅनडात जन्मलेली ही तरुणी १८६१ मध्ये 'फ्रँकलिन थॉम्सन' या नावाने उत्तरेच्या सैन्यात, मिशिगनच्या दुसऱ्या पायदळ पलटणीत दाखल झाली. जखमींची शुश्रूषा आणि टपालाची ने-आण ही कामे तिने चोख बजावली. तोफगोळ्यांना न डगमगणाऱ्या या शिपायाला धास्ती होती ती इस्पितळाची! १८६३ मध्ये हिवतापाने गाठले, तेव्हा आपले स्त्रीत्व उघडकीस येऊ नये म्हणून तिने छावणी सोडली. दप्तरात नोंद झाली, 'फरारी'.

पुढे तिने पेन्शनसाठी खटपट आरंभिली, तेव्हा थॉम्सनला पुरुष समजून वागविणारे जुने सोबतीच तिच्या बाजूने साक्ष देण्यास पुढे आले. १८८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून तिला दरमहा १२ डॉलर पेन्शन मंजूर केली. 'फरारी' हा शेरा दप्तरातून निघण्यास मात्र १८८६ साल उजाडावे लागले.